साठ पौंड वाफ

नांदगाव
२४ ऑगस्ट २०२५

रतन,

वर 'चि.' लिहिलेलं नाही. विसरलो असं समजू नकोस. जो मुलगा आईच्या बाराव्याला येत नाही त्याला कसला आशीर्वाद द्यायचा, ते मला माहीत नाही.

तुझ्या कारखान्यात फोन लावला होता. कोणी तरी मोडक्या हिंदीत सांगितलं की रतनभाईने मुंडण केलंय, दोन दिवस कामावर नव्हता. म्हणजे बातमी पोचली होती. मग मुंडण कोइमतूरला कशाला केलंस? इथला समुद्र आटला होता का? माझा नंबर तर तू कधीच बंद करून ठेवलायस, म्हणून हे पत्र. दसऱ्याचं एक सोडलं तर मला काही पत्रं लिहायची हौस नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास आम्ही किनाऱ्यावर उन्हात उभे. भटजी म्हणाले, इच्छा राहिलीय काही तरी, बोला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्याने म्हणालो, रतनला घरी आणीन. कावळे सुरूच्या झाडावर बसले होते तिथेच बसून राहिले. मग मी मनातल्या मनात आणखी एक बोललो. तेव्हा एक खाली उतरला. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आई शेवटचे आठ दिवस काहीबाही बडबडत होती. सारखं एकच, "बाला, कुकू पुसलास का रं?" बायका म्हणाल्या, म्हातारीला आपला नवरा आठवतोय. असेल. वय झालं की असं होतं.

आता कामाचं लिहितो. गेल्या आठवड्यात पुण्याचा प्रणय म्हणून एक माणूस येऊन गेला. छोटी वाफेची इंजिनं जमवतो, घरात साठेक आहेत म्हणाला. आपल्या कपाटातली अकराही त्याने एकेक करून हातात घेतली. ते जर्मन पत्र्याचं, चोरबाजारातून तू आणलेलं, त्याचा वास घेतला. जत्रेत आपण घ्यायचो ती मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची फटफट बोटसुद्धा तू त्यात मांडून ठेवली होतीस, ती बघून तो हसला आणि म्हणाला, माझीही सुरुवात हिच्यापासूनच. मग त्याने आपण बनवलेल्या मनूवरचं फडकं काढलं आणि तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसला.

हातभर इंजिन. दिघीच्या भंगारातल्या तांब्याच्या नळीचा बॉयलर, चाकं तू लेथवर काढलेली, रूळ मी वाडीत नारळांच्या भोवतीने टाकलेले. चार वर्षं गेली होती आपली. आईचं नाव दिलं म्हणून ती आठ दिवस रुसली होती, आणि मग ट्रॉलीवर बसून दोन फेऱ्या मारून आली होती. हे सगळं मी त्याला सांगितलं. कोणी बनवलं विचारलं तेव्हा, मी आणि माझ्या भावाने, असंही सांगितलं. खोटं नको बोलायला.

त्याने फुटक्या काचनळीची वाट बुजवून हातपंपाने बॉयलरला दाब देऊन बघितला. बॉयलर कुठे गळला नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर साठ पौंडांना उडाला, जास्तीचा दाब सोडला. स्प्रिंगच्या नटावर तू लावलेला लाल रंगाचा ठिपका अजून जागच्या जागी आहे, त्याच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा नट बसवल्यापासून कोणी हलवलेला नाही. काय हात आहे हो तुमच्या भावाचा!" मी म्हणालो, सात वर्षांत स्प्रिंग सैल पडली असेल.

मी मनू विकलेली नाही. विकणार नाही. या दसऱ्याला ये. मी ती पेटवणार आहे. झालं गेलं ते झालं, स्प्रिंग कोणाच्याही हातून जास्त आवळली जाते. मी तुला कधी टाकून बोललो नाही. जे झालं ते सांगितलं, एवढंच.

बाळाजी


नांदगाव
१० सप्टेंबर २०२५

रतन,

पाकीट परत आलं. वर शिक्का, 'घेण्यास नकार'. पियूष पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "काका, त्यांनी घेतला न्हाय. पुन्हा टाकायचा हाय काय?" सगळ्या आळीसमोर. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या बॉयलरवर काढली, फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे, मॅनेजरसुद्धा माझ्या पाळीत बॉयलर हाउसमध्ये विचारून पाऊल टाकायचा, आणि माझ्या भावाला माझं पाकीट हातात घ्यायची लाज वाटते.

पहिली तीन वर्षं माझी पत्रं घ्यायचास. मग बंद केलंस. का, ते मला कळत नाही असं नाही. दर दसऱ्याला एक पत्र, आणि प्रत्येकात स्प्रिंग. दुसरं मी लिहीत तरी काय होतो? बरं, आता तेच पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवतोय, बरोबर हे पत्र. पत्ता मुद्दाम दुसऱ्याकडून लिहून घेतला आहे. बघू अक्षर ओळखून नाकारतोस की माणूस ओळखून.

तुझी सत्यवती भेटली. आगरदांड्याच्या जेटीवर. मी श्रीवर्धनला निघालो होतो, ती मुरूडहून बाजार करून दिघीला परत चालली होती. तिने दिघीत बंदरावरच्या कामगारांचे डबे करायला घेतलेत हे ऐकून होतो. हातात दोन मोठ्या पिशव्या, एकीत कोरे स्टीलचे डबे. मी तोंड फिरवलं, पण जेटी केवढी ती. तिनेच हाक मारली.

"भाऊजी, आई गेल्या ते कलला मला. येनार होते, पन कुठल्या नात्यानं येऊ?"

डावी बाजू तशीच आहे, रतन. गालापासून मानेपर्यंत कातडी ओढलेली, डोळा पांढरा. पदर त्या बाजूने घेत नाही ती. मला वाटलं होतं घेत असेल. सरळ माझ्याकडे तोंड करून बोलत होती आणि मी तिच्या पिशवीकडे बघत होतो.

मी म्हणालो, रतनचा राग येणं साहजिक आहे.

"राग कसला?" ती म्हणाली. "हातून चूक व्हते मानसाच्या. भाजली ती कातडी. पन मी दवाखान्यात पडलेली, आनि ते खाटेजवल उभं राहून बोलतात काय, 'दादा बोलतो म्हंजे मीच नट आवलला असनार. मला आठवत न्हाय, पन दादा बोलतो.' बस, येवढाच. आनि तिसऱ्या दिवशी मानूस गावातच न्हाय. भाऊजी, तुम्ही मोठे, तुम्ही सांगा, ज्याला आठवत न्हाय तो मानूस सात वर्षं कशापायी पलतोय?"

फेरीचा भोंगा झाला आणि मी तिकिटाच्या खिडकीकडे गेलो. ती गाड्यांच्या बाजूला उभी राहिली, मी वर जाऊन बसलो. दिघीला उतरताना माझ्या पुढून गेली. पिशवीतल्या वरच्या डब्यावर नाव कोरलेलं होतं, कोरकाम ताजं होतं. ते मी वाचलं. तुला सांगावं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तू पाकीट घ्यायला लाग, मग बघू.

श्रीवर्धनला गेलोच नाही. पुढच्याच फेरीने परत आलो.

बाळाजी


नांदगाव
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

रतन,

दुसरंही परत आलं. हे तिसरं. हे घेच. घेतल्यावर वाच आणि वाचून झाल्यावर जाळ. का जाळ म्हणतो ते खाली येईल.

सकाळपासून हत्यारं मांडली आहेत. कोयता, विळी, पाने, लेथच्या पट्ट्या, तुझी कानस. झेंडू वाहिला. हळदकुंकू लावायला बोट बुडवलं आणि हात तसाच राहिला. म्हणून आधी हे लिहायला बसलो. आज नाही लिहिलं तर पुन्हा वर्ष जाईल, मी स्वतःला ओळखतो.

सात वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी तू सेफ्टी व्हॉल्व्ह खोलून, रॉकेलने धुऊन, कोरडा करून कपड्यावर ठेवला होतास. लखलखीत. मी तो तसाच उचलून पूजेत ठेवला. सगळ्या हत्यारांना लावतो तसं त्यालाही ओलं कुंकू लावलं, हळद लावली, वरून अक्षता. दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेलाही दोन बोटं ओढली. तू बघून म्हणालास, "दादा, व्हॉल्व्हला नको ना." मी म्हणालो, सगळ्या हत्यारांना लावतो, ह्यानं काय पाप केलंय?

दसऱ्याला सकाळी तो मी जोडला. मी, तू नाही. पूजेतली वस्तू धुवायची नसते म्हणून तसाच जोडला, नुसता झटकून. तू फक्त वरची स्प्रिंग लावलीस, नट साठच्या खुणेला आणलास आणि लाल ठिपका दिलास. मग तू विचारलंस, मला शब्दन् शब्द आठवतो, "दादा, पेटवायच्या आधी व्हॉल्व्ह हातानं उचलून बघू काय एकदा?"

कुठल्याही बॉयलरवरचा हा पहिला धडा. मी दोनशे पोरांना शिकवला असेल. आणि अंगणात पंधरा माणसं जमलेली, कारखान्यातले माझे दोघे साहेब खुर्च्यांवर बसलेले, त्यांच्यादेखत धाकटा भाऊ मला धडा देतो म्हटल्यावर माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "मी बसवलाय तो. तू मना शिकवनार?" तू गप्प बसलास. तू नेहमीच गप्प बसायचास, तोच तर तुझा दोष आहे.

वाफ धरली. गेजच्या काचेवर कुंकू साठच्या आकड्यापासून पुढे पसरलेलं. काटा त्याच्यामागे गेला तसा तू फडकं घेऊन पुढे झालास. मी तुझा हात धरला. "दसऱ्याचं कुकू हाय, पुसू नको." आई शेजारी खुर्चीवर होती. तिने ऐकलं. साहेबांना ऐकू गेलं नाही, सत्यवती तबक घेऊन येत होती तिला ऐकू गेलं नाही. आईने ऐकलं, आणि सात वर्षं कोणाला एक शब्द बोलली नाही. शेवटचे आठ दिवस मात्र तेच विचारत होती मला. नवरा कसला आठवतोय!

तुझी वहिनी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात सवाशीण एकच, सत्यवती, म्हणून मनूचं औक्षण तिने केलं. वाकली, आणि बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचनळी फुटली. पुढचं तुला सांगायची गरज नाही.

अलिबागच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे मला विचारत होते. जाणता मीच ना. मी म्हणालो, स्प्रिंग जास्त आवळली गेली. कोणी आवळली? म्हणालो, रतनने बसवली होती. त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं. हे खोटं नाही. त्या एका संध्याकाळपुरतं मी खरं बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन, वरचा स्प्रिंगचा भाग नटासकट तसाच उचलून ठेवून, व्हॉल्व्ह खोलला. बॉलच्या वरची दांडी टोपीच्या भोकातून वर सरकते, ती जाम. पकडीने ओढून काढावी लागली. भोकात कुंकवाचा चिखल आणि त्यात एक अक्षता. वाफेत शिजलेली, फुगलेली, आणि मग वाळून दगड झालेली. कपड्याला खळ करतात ना, तशी सगळी खळ झाली होती आत. साठ काय, दोनशे पौंडांनाही तो व्हॉल्व्ह उडाला नसता. नट तुझ्या ठिपक्यावर होता. केसभरही हललेला नव्हता.

तेव्हा तू दवाखान्यात होतास. फटफटीने तासाभराचा रस्ता. मी दांडी घासून साफ केली, व्हॉल्व्ह परत जोडला, तो शिताचा खडा काडेपेटीत घातला आणि काडेपेटी सर्टिफिकेटच्या फ्रेममागे ठेवली. मग आंघोळ करून जेवलो.

मला वाटलं होतं चार दिवसांनी सांगू. तिसऱ्या दिवशी तू गेलास. तू गेलास म्हटल्यावर लोकांना खात्रीच पटली, आणि मग माझं काम सोपं झालं. तुझ्यावर राग धरायला मला किती मेहनत घ्यावी लागली, तुला कल्पना नाही. दर दसऱ्याला एक पत्र लिहून तो पेटता ठेवावा लागायचा.

आणि तरी मला तुझा राग येतोच. आजही येतोय. तू स्वतःच्या हाताने ठिपका दिला होतास. तू का नाही येऊन बघितलंस तो? माझ्या एका शब्दावर तू स्वतःचे हात खोटे ठरवलेस, बायको टाकलीस, लेथ सोडलास. कोणी सांगितलं होतं एवढा विश्वास ठेवायला?

दहाव्याला मनात जे बोललो ते हेच. खरं सांगीन. तेव्हा कावळा उतरला.

आता जाळ का म्हणतो ते. गावात माझं नाव आहे. शाळेत सुरक्षा सप्ताह असतो तेव्हा हेडमास्तर मला भाषणाला बोलावतात, आणि मी पोरांना तुझी गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, पण सगळ्यांना कळते. आता या वयात तिथे उभं राहून मी काय सांगू? एवढं आपल्या दोघांतच राहू दे. सत्यवतीला तू सांग, पण तोंडी, आणि फक्त तिला. ती कोणाला सांगायची नाही. मी येऊन तोंडावर सांगायला हवं होतं हेही कळतं. गाडीचं तिकीट दोनदा काढून रद्द केलं आहे.

काडेपेटी या पाकिटात आहे. उघडताना सांभाळ, शितावर अजून रंग आहे.

दादा


नांदगाव पोस्ट
१६ ऑक्टोबर २०२५

चि. रतन,

पाकीट काल परत आलं, काडेपेटीसकट. म्हणून हे कार्ड. पाकीट न वाचता नाकारता येतं, कार्ड नाकारण्याआधी डोळ्यांखालून जातंच.

स्प्रिंग तू आवळली नव्हतीस. सेफ्टी व्हॉल्व्ह मी पूजेच्या कुंकवासकट, न धुता जोडला. कुंकू आणि अक्षता आत वाळून तो अडकला. तो तपासू का म्हणून तू विचारलंस, मी तपासू दिला नाही. गेजवरचं कुंकू पुसू दिलं नाही. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि सात वर्षं मी दाबून ठेवलं. सत्यवतीचा डोळा माझ्यामुळे गेला.

पोस्टातच बसून लिहितोय. पियूष शेजारून वाचतोय, वाचू दे. संध्याकाळपर्यंत आळीला कळेल. हेच शब्द दुसऱ्या कार्डावर लिहून दिघीला पाठवतो आहे.

त्या कार्डावर पत्ता घालताना तिचं नाव कसं लिहावं, याचा मला विचार करावा लागला नाही. त्या दिवशी तिच्या डब्यावर वाचलं होतं. सौ. सत्यवती रतन मोकल, गणेशोत्सव २०२५.

दादा